दुकान मिटले, भिंग उरले

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या गावात १६५४ साली एका विशीतल्या तरुणाने कापडाचे दुकान काढले. त्याचे वडील टोपल्या विणत. ते लवकर गेले. मुलाचे शिक्षण जेमतेम झाले आणि सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला धाडले गेले. तिथे तो हिशेब लिहायला आणि कापड पारखायला शिकला. त्या काळी कापडातले धागे मोजण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. पुढे दुकानाच्या जोडीला या माणसाने गावच्या कारभारातली कामे घेतली. १६६० मध्ये तो नगर अधिकाऱ्यांच्या दालनाची देखभाल पाहू लागला, १६६९ मध्ये त्याला जमीन मोजणीची मान्यता मिळाली आणि १६७९ मध्ये दारूच्या पिंपांचे माप तपासण्याचे काम त्याच्याकडे आले.

या माणसाचे नाव अँटनी व्हान ल्युवेनहॉक. त्याने विकलेल्या कापडाची आठवण आज कुणाला नाही. जिवाणू पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणून मात्र तो शाळेच्या पुस्तकात आहे. हे काम त्याने विद्यापीठात बसून किंवा कुणाच्या पगारावर केले नव्हते. दुकान आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्याने ते केले, आणि दुकान मागे पडल्यावरही जवळपास पन्नास वर्षे करत राहिला.

नोकरी साठीला संपते. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे कशाने भरायची, हा प्रश्न आता घराघरात आहे. म्हणूनच ज्यांचा जोडछंद पोटापाण्याच्या कामाहून जास्त टिकला, अशा माणसांकडे आरोग्याच्या नजरेने पाहायला हवे.

उरलेल्या वेळातले काम

ल्युवेनहॉकचा सूक्ष्मदर्शक आजच्या प्रयोगशाळेतल्यासारखा नव्हता. धातूच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेले इवलेसे भिंग, समोर नमुना लावायची सुई आणि ती सरकवायला स्क्रू, एवढाच त्याचा पसारा. सगळे उपकरण तळहातात मावे आणि अगदी डोळ्याला लावून धरावे लागे. शिल्लक राहिलेल्या मोजक्या उपकरणांपैकी सर्वांत चांगले सुमारे २७० पट मोठे दाखवते. अशी पाचशेच्या वर भिंगे त्याने स्वतः घडवली.

१६७३ साली डेल्फ्टमधल्याच रेनिए द ग्राफ या डॉक्टरने त्याची ओळख लंडनच्या रॉयल सोसायटीशी करून दिली. ल्युवेनहॉकला लॅटिन येत नव्हते. तो साध्या डच भाषेत पत्रे लिही आणि सोसायटी ती भाषांतर करून छापी. चित्रेही आपल्याला धड जमत नाहीत हे ओळखून त्याने ती चित्रकाराकडून काढून घेतली. १६७४ मध्ये त्याने तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जीव आणि रक्तातल्या तांबड्या पेशी यांचे वर्णन केले. १६७६ च्या पत्रात मिरी भिजवलेल्या पाण्यात दिसलेल्या जिवांची हकिकत आहे. त्यांतले सर्वांत बारीक ते जिवाणू. लंडनच्या विद्वानांना आधी ते खरे वाटेना. त्याने गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना भिंगातून दाखवून त्यांच्या साक्षी लिहून पाठवल्या. अखेर १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हुकने तोच प्रयोग सोसायटीत करून दाखवला आणि शंका मिटली. १६८३ मध्ये ल्युवेनहॉकने स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली ठेवले आणि त्यातही वळवळणारे जीव पाहिले.

त्याने सोसायटीला सुमारे १९० पत्रे लिहिली. म्हातारपणी त्याला छाती आणि पोट यांच्या मधल्या भागात जोराची फडफड होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची धडधड आहे. त्याला ते पटले नाही. हा त्रास डायफ्रॅम म्हणजे श्वासपटलाच्या स्नायूचा असावा, असे त्याने मांडले आणि सोसायटीला कळवले. त्या दुर्मीळ विकाराला वैद्यकशास्त्रात आजही त्याचे नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या शेवटच्या पत्रांची रवानगी अजून चालू होती.

या गोष्टीतल्या तीन बाबी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, पोटापाण्याच्या कामातले कसब त्याच्या छंदात उतरले. धागे मोजणारी नजर आणि जमीन मोजणाऱ्याची सवय दोन्ही तिथे कामी आली; सूक्ष्म जिवांचा आकार तो वाळूच्या कणाशी ताडून सांगे. दुसरी, त्याच्या पत्राची वाट पाहणारे कुणीतरी होते. तिसरी, भिंग बिघडले तर घर उपाशी राहणार नव्हते. पगार वेगळ्या कामाचा होता, म्हणून चूक परवडत होती.

पुण्यातले चष्म्याचे दुकान

काचेशीच संबंध असलेला असा एक माणूस पुण्यातही होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद लागला. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजांपेक्षा घरात रोज वापरल्या जाणाऱ्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष अधिक: दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, फण्या, कुलुपे, वाद्ये. पत्नी कमलाबाईंची साथ घेऊन ते देशभर हिंडले. १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला. १९६२ मध्ये त्याचे संग्रहालय झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. संग्रहालयाला नाव दिले ते त्यांच्या एकुलत्या मुलाचे. हा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला होता.

आज राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला जाणाऱ्या किती जणांना हा माणूस चष्मे विकत होता हे माहीत असते? एखादा छंद दुःख पुसून टाकतो असे म्हणणे खोटे ठरेल. पण मूल गमावलेल्या बापाला सत्तर वर्षे रोज करण्यासारखे काही होते, हे इथे विसरता येत नाही.

छंद आणि नोकरी यांच्या नात्याची दुसरी तऱ्हाही आपल्याकडे दिसते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि नंतर टांझानियात त्यांनी व्यवसाय केला, आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तो सोडून पूर्णवेळ नाटकात आले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. अशी उडी सर्वांना झेपत नाही आणि सर्वांनी मारायचीही नसते. बहुतेकांसाठी ल्युवेनहॉकचा आणि केळकरांचा मार्ग जवळचा आहे. पगाराचे काम चालू ठेवायचे आणि शेजारी दुसरे काहीतरी वाढू द्यायचे.

मोबदला नसल्याचा फायदा

मोबदला आणि आवड यांच्या नात्यावर १९७३ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते हे पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या कबुलीवर चित्र काढलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळ रंगात रमली. खेळ होता तो त्यांच्यासाठी काम झाला होता.

म्हणून निवृत्तीच्या तोंडावर कुणी शिवणकाम, सुतारकाम किंवा गाणे हाती घेतले, की घरच्यांनी लगेच 'यातून चार पैसे मिळतील का?' असे विचारण्याची घाई करू नये. गरज असेल तर जरूर कमवावे. गरज नसेल तर त्या कामाला थोडे निरुपयोगी राहू द्यावे.

अभ्यास काय सांगतात

छंद असलेली म्हातारी माणसे अधिक निरोगी दिसतात, असे अनेक अभ्यास सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ जणांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये पुढच्या वर्षांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी आढळला. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान जास्त होते.

हे वाचून 'छंद करा, स्मृतिभ्रंश टाळा' असा फलक लावायचा मोह होतो. तो आवरायला हवा. ज्यांचे गुडघे, डोळे आणि मेंदू धड आहेत तेच लोक छंद करू शकतात. म्हणजे छंदामुळे प्रकृती चांगली की प्रकृतीमुळे छंद, हे अशा पाहणीतून ठरत नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरदारांचा 'व्हाइटहॉल' नावाचा दीर्घ अभ्यास इथे उपयोगी पडतो. २०२० मध्ये त्यातून पुढे आलेला निष्कर्ष असा: पंचावन्नच्या आसपास कोण किती छंद जोपासत होते, याचा पुढच्या १८ वर्षांतल्या स्मृतिभ्रंशाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. मात्र ज्यांचे छंद पुढे कमी होत गेले, त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त निघाला. याचा एक अर्थ असा, की छंद सुटणे हे काही वेळा आजाराचे आधीच दिसणारे लक्षण असते.

छंद सुटला तर विचारा

घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा हीच आहे. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचे आकडे प्रत्येक घरात पाठ असतात. पण वीस वर्षे पेटी वाजवणाऱ्या आजोबांनी गेल्या दिवाळीपासून पेटी उघडलेली नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही. 'वय झाले' म्हणून ते सोडून दिले जाते. वास्तविक बरे होण्यासारखी कितीतरी कारणे त्यामागे असतात.

पहिले कारण डोळे. गोधडी शिवणाऱ्या आजींना सुईत दोरा ओवता येईना, की त्या चार महिने कुणाकडून ओवून घेतात आणि मग शिवणेच सोडतात. चाळिशीचा नंबर बदललेला असतो किंवा मोतीबिंदू वाढलेला असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. दुसरे कारण कान. भजनी मंडळातला माणूस गप्प बसू लागतो, कारण त्याला सूर आणि शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही. हे केवळ गैरसोयीचे नाही. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, त्यात कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेला दृष्टिदोष ही दोन्ही आहेत.

तिसरे कारण हात. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर संधिवात, हाताला विश्रांतीत कंप येत असेल आणि अक्षर दिवसेंदिवस बारीक होत असेल तर पार्किन्सन्सचा आजार, याचा विचार करावा लागतो. थकवा आणि मंदपणा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ तपासावे.

चौथे कारण मन. एरवी आवडणाऱ्या गोष्टीत रस न वाटणे हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे सतत उदास वाटणे. यासाठी डॉक्टर दोनच प्रश्नांनी सुरुवात करतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का? उदास, निराश वाटले का? आपल्याकडे म्हातारी माणसे 'मन उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. 'भूक नाही, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही' असे म्हणतात. जोडीदार गेल्यावर किंवा निवृत्तीच्या पहिल्या वर्षात हे दिसले तर दुर्लक्ष करू नये. नैराश्यावर चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

आणि पाचवे कारण स्मृतिभ्रंशाची सुरुवात. इथे छंद फार लवकर बातमी देतो. रोजची कामे सवयीने उरकतात, पण स्वेटरचा नेहमीचा नमुना मध्येच चुकतो, येणाऱ्या रागात वाट सापडत नाही, बुद्धिबळात ओळखीची चाल आठवत नाही. माणूस मग लाजेने म्हणतो, 'आता कंटाळा आला.' हा कंटाळा खरा आहे की झाकलेली अडचण, हे घरच्या माणसाने शेजारी बसून पाहावे.

वेळ कुणाचा?

ल्युवेनहॉकच्या गोष्टीत एक नाव सहसा राहून जाते. त्याच्या पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. ती आयुष्यभर वडिलांबरोबर राहिली. तो गेल्यावर त्याने ठेवलेले चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीला पोचवले तेही तिनेच. पुण्यात कमलाबाई होत्या. पुरुषाच्या छंदामागे बहुधा घर सांभाळणारी एक बाई उभी असते.

बाईची नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते. स्वयंपाक, नातवंडे आणि आजारी माणसांची सेवा संपत नाही. 'आईला कसलीच आवड नाही' असे म्हणणाऱ्या मुलांनी तिला दिवसातला एक तास खरोखर मोकळा मिळतो का, हे आधी पाहावे. रोज ठरलेली एक वेळ तिची, त्या वेळेत तिला कुणी हाक मारायची नाही, एवढा नियम घराने केला तरी पुष्कळ झाले. अंगमेहनत करणाऱ्यांची स्थिती आणखी वेगळी. त्यांना निवृत्तीच नसते. तरीही गावोगाव भजनाला, ढोल-लेझमीला, सोंगी भारुडाला उभी राहणारी माणसे बहुतेक करून तीच असतात. छंदाला पैसा लागतोच असे नाही. वेळ आणि सोबत मात्र लागते.

सुरुवात कधी करावी

निवृत्तीच्या निरोप समारंभात 'आता छंद जोपासा' असा सल्ला हमखास मिळतो. तोवर बराच उशीर झालेला असतो. नवे शिकायला साठीतही हरकत नाही, मेंदू शिकतच असतो. पण हाताला वळण पडायला आणि सोबती जमायला काही वर्षे जातात. म्हणून पंचेचाळीस-पन्नाशीत सुरुवात झाली तर बरे.

सुरुवात लहान ठेवावी. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास पुरतो. शक्यतो आपल्या कामातल्या कसबाच्या जवळचे काही निवडावे. हिशेबनिसाला जुन्या नोंदी आणि वंशावळी लावण्यात रस वाटू शकतो, परिचारिकेच्या हाताला बारीक भरतकाम साधू शकते, फिटरला लाकूडकाम. हाताने किंवा गळ्याने काही घडवणे आणि नुसते पडद्यावर पाहणे यांत फरक आहे. पाहण्यात विश्रांती मिळते, घडवण्यात मात्र चुकणे, सुधारणे आणि पुन्हा करणे असते. केलेले काम दाखवायला एक तरी माणूस हवा. ल्युवेनहॉकला लंडन होते. आपल्याला गल्लीतला मित्र, वाचनालय किंवा भजनी मंडळ चालेल.

शरीराची काळजीही त्यात आली. बारीक काम करताना उजेड डावीकडून किंवा डावखुऱ्यांनी उजवीकडून घ्यावा, अर्ध्या तासाने उठून नजर लांब टाकावी, मान वाकवून तासन्‌तास बसू नये. रंग, वार्निश किंवा लाकडाचा भुसा असेल तर खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क हवा. दमा असणाऱ्यांनी विशेष जपावे. चालणे, औषधे आणि तपासण्या छंदामुळे बंद होत नाहीत.

पुढच्या वेळी घरातल्या ज्येष्ठांना तपासणीसाठी नेताना रिपोर्टच्या फायलीबरोबर एक गोष्ट लिहून न्यावी: ते पूर्वी आवडीने काय करत, आणि ते अजून चालू आहे का. चालू नसेल तर केव्हापासून नाही, हेही लिहावे. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते. आणि चालू असेल तर त्यासाठी लागणारा चष्मा, कानाचे यंत्र किंवा टेबलावरचा चांगला दिवा या खर्चाला घरच्यांनी नाही म्हणू नये.